पाहुणा शनिवारी येणार आणि अण्णा आठवी मात्रा सोडेनात

प्रश्न:

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय 28. दिवसा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम, ऑक्टोपॅड वाजवतो. ऑर्केस्ट्रा, लग्नातली संगीत संध्या, गणपतीतले कार्यक्रम, मिळेल ते.

ओळखीच्या एका आयोजकाचा फोन आला. इंग्लंडचा एक गिटारिस्ट भारतात दौऱ्यावर आहे, गातोही स्वतःच. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो, साठी ओलांडलेला माणूस. स्वतःचा बँड बरोबर आणणं परवडत नाही म्हणून जिथे जाईल तिथली माणसं साथीला घेतो. कोल्हापूरसाठी बाहेरगावची मंडळी ठरली होती, त्यांनी ऐनवेळी हात वर केले. "तूच जमव कुणीतरी," म्हणाला, आणि मी हो म्हणून बसलो. कार्यक्रम पुढच्या शनिवारी. पाहुणा त्याच दिवशी सकाळी येणार, दुपारी एकच रिहर्सल, संध्याकाळी शो. नऊ गाणी पाठवलीत. एक गाणं 17 मिनिटांचं आहे. सात मात्रा चालू असतात, मधेच पाच होतात, मग चार, मग पुन्हा सात. मेलमध्ये त्याने लिहिलंय की काळजी करू नका, स्टेजवर सांभाळून घेऊ. खरंच घेतात का सांभाळून?

कीबोर्डला मित्र आहे, तो हुशार आहे. बास गिटारला अण्णा. नात्यातले नाहीत, पण माझ्या हातात पहिल्यांदा स्टिक त्यांनीच दिली. वय 56. उभा जन्म ऑर्केस्ट्रात गेलाय. नोटेशन येत नाही, एकदा ऐकलं की वाजवतात. पण सातच्या भागात दर वेळी आठवी मात्रा घालतात. वर मलाच म्हणतात, "ह्यात एक मात्रा कमी हाय बघ, रेकॉर्डिंगला घोळ झालाय त्यांचा." इकडे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एक पोरगा आहे, त्याला हा सगळा सेट पाठ आहे. मित्र म्हणतो, अण्णांना सांग कार्यक्रम रद्द झाला आणि पोराला घे. मला रात्रीची झोप लागेना. काय करू?

– राजारामपुरीतला ड्रमर

उत्तर:

एरवी पत्रं आली त्या क्रमाने घेते. तुझं मधेच घेतलं, कारण शनिवार काही रांगेत थांबणार नाही.

आधी सरळ उत्तरं देते, कारणं मागून. शो कर. नऊच्या नऊ गाणी वाजवू नका. हॉस्टेलच्या पोराला बोलाव, पण दोनच गाण्यांना. आणि अण्णांना थाप मारायची नाही. कोल्हापुरात कार्यक्रम रद्द झाल्याची थाप टिकणार किती वेळ? फ्लेक्स लागला की संपलं. फ्लेक्स नसेल तरी तुझा तो हुशार मित्र शनिवारी दुपारी साउंडचेकचा स्टेटस टाकणारच, आणि अण्णा तो चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या बघणार. मग तू जन्मभर मिरजकर तिकटीवरून मान खाली घालून जा.

आता "सांभाळून घेऊ"चं बघू. पाहुणा खोटं बोलत नाहीये, पण त्याच्या त्या वाक्यावर झोपी जाऊ नकोस.

नवख्या गावात नवखे साथीदार घेऊन उभं राहणारे पुष्कळ झाले. अमेरिकेतला रॉक अँड रोलवाला चक बेरी वर्षानुवर्षं एकटा गिटार घेऊन फिरायचा. साथीला त्या त्या गावचा बँड, रिहर्सल नाही, पुढचं गाणं कोणतं आणि कुठल्या पट्टीत हेही वादकांनी त्याने सुरू केल्यावर ओळखायचं. 1973 मध्ये त्याच्या मागे असे उभे राहिलेल्यांत पुढे स्वतःच मोठा रॉकस्टार झालेला ब्रूस स्प्रिंगस्टीनसुद्धा होता. ते निभायचं, कारण बेरीची बरीचशी गाणी त्याच बारा बारच्या, म्हणजे बारा आवर्तनांच्या ठरलेल्या साच्यातली, आणि मागे उभी असलेली पोरं तीच गाणी ऐकत गिटार शिकलेली.

दुसऱ्या टोकाला डामो सुझुकी. जर्मनीतल्या कॅन या बँडचा जपानी गायक. 1970 मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गात असताना बँडवाल्यांनी त्याला पाहिलं आणि त्याच रात्री स्टेजवर उभं केलं. पुढे त्याने बरीच वर्षं जगभर दौरे केले. प्रत्येक गावात तिथलेच वादक घ्यायचे आणि ठरलेलं गाणं एकही नाही, सुचेल तसं वाजवत जायचं. 2024 मध्ये तो गेला. त्याच्या मैफलीत चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बरोबर काय ते आधी ठरलेलंच नसायचं.

तुझा पाहुणा या दोघांच्या मधे अडकलाय. त्याचं गाणं मात्रेमात्रेने बांधलेलं आहे, पण ते बांधकाम त्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे. आपल्याकडे गवई आणि तबलजी थेट बैठकीवर भेटतात, "झपताल, मध्य लय" एवढं बोलणं पुरतं, कारण दहा मात्रांची दोन-तीन-दोन-तीन ही वाटणी दोघांच्या गुरूंनी आधीच घोटून घेतलेली असते. तुम्हा चौघांत असं काहीच आधीचं नाही. ते शनिवारच्या आत तयार करायचं, किंवा जेवढं तयार होईल तेवढंच वाजवायचं. मी म्हणेन, दुसरं.

तुझ्या जागी उभा राहिलेला एक ड्रमर होऊन गेला, अ‍ॅलन व्हाइट. 1969 च्या सप्टेंबरमध्ये बीटल्सच्या जॉन लेननला टोरांटोच्या कार्यक्रमाचं निमंत्रण ऐनवेळी आलं आणि त्याने घाईघाईने माणसं गोळा केली. गिटारला एरिक क्लॅप्टन, बासला क्लाउस फोरमान आणि ड्रमला हा व्हाइट. रिहर्सल कुठे, तर विमानात. स्टेजवर चढल्यावर त्यांनी सुरुवात केली ती सगळ्यांना लहानपणापासून पाठ असलेल्या जुन्या रॉक अँड रोलने. पुढे 1972 मध्ये ड्रमर बिल ब्रुफर्ड 'येस' हा बँड सोडून 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि त्याच्या जागी पुन्हा व्हाइटच आला. 'येस' म्हणजे तुझ्या पाहुण्याच्याच पंथातली बडी मंडळी, लांबच लांब गाणी, पावलापावलाला मात्रा बदलणारी. सगळा सेट बसवायला व्हाइटला तीन दिवस मिळाले. 30 जुलैला डॅलसला पहिला कार्यक्रम झाला आणि मग 2022 मध्ये वारेपर्यंत तो त्याच बँडमध्ये राहिला.

हे वाचून लगेच हुरळू नकोस. व्हाइटच्या बाजूला उभे असलेले बाकीचे चौघं तीच गाणी रोज वाजवत होते, नवा तो एकटा. तुमच्यात नवे तिघं आणि जुना एक, शिवाय हातात एकच दुपार. म्हणून कात्री लाव.

आजच मेल कर. लाजू नकोस, असल्या मेलची त्याला सवय असणार. स्पष्ट लिही की आम्ही सहा गाणी नीट वाजवू, नऊ वाजवली तर तीन बिघडतील. दोन गाणी त्याने एकट्याने गिटारवर म्हणावीत. त्यातच तुम्हाला पाणी प्यायला आणि पुढचा कागद काढायला वेळ मिळतो, आणि लोकांना आवडतंही. 17 मिनिटांच्या गाण्याचे कोणते भाग तो आज प्रत्यक्षात वाजवतो ते विचार. बरेच जण दौऱ्यात लांब गाण्याचा मधला तुकडा गाळतात. म्हणूनच स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर घाम गाळू नका. गेल्या वर्ष-दोन वर्षांतलं कुठल्याही कार्यक्रमाचं मोबाइलवरचं शूटिंग माग, आवाज फाटका असला तरी चालेल. साठी ओलांडलेल्या गायकाचा गळा खाली उतरलेला असू शकतो. रेकॉर्डिंग पांढरी तीनचं असेल आणि आज तो पांढरी दोनला गात असेल तर तुमच्या कीबोर्डवाल्याची आठवड्याची मेहनत पाण्यात. आणि त्याला सांग, पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होऊ नकोस. या गाण्यांची पट्टी मधेच बदलते, त्या वेळी बटण चालू आहे की बंद हे आठवत बसायला कुणाला सवड नसते.

आणखी एक विचार, हे फार महत्त्वाचं. तो लॅपटॉपवरून आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक सोडतो का? सोडत असेल तर अख्खा बँड क्लिकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांच्या टिकटिकीला बांधला जातो, तुझ्या कानात क्लिक हवी आणि "सांभाळून घेऊ"ला तिथे जागाच उरत नाही. ट्रॅक थांबत नाही, मागे फिरत नाही. तसं असेल तर ट्रॅकवाली गाणी गाळा म्हणावं.

आता सातचा भाग. शनिवार तरला तर इथेच तरेल.

एक, दोन, तीन करत सातपर्यंत मोजू नका. लय चढली की जीभ अडखळते आणि जिभेमागून हात. बोल धरा. तकधिमि तकिट, तकधिमि तकिट, म्हणजे चार आणि तीन. पण त्याआधी त्याच्या गाण्यात वजन कुठे पडतंय ते ठरवा. चार-तीन, तीन-चार की दोन-दोन-तीन? वाद्याला हात न लावता, तिघांनी बसून, टाळ्या वाजवत. तास गेला तरी जाऊ दे.

अण्णांना नुसतं "सात मात्रा" सांगितलंस तर त्यांच्या अंगात रूपक शिरेल. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन-दोन-दोन. म्हणजे वजन पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. गाणं चार-तीनचं असलं तर वजन पहिल्या आणि पाचव्यावर. मात्रा सातच्या सात बरोबर, पण अण्णा चौथीवर दाबणार, तू पाचवीवर, आणि पाहुणा गाता गाता मागे वळून बघणार. त्यातून त्यांची ती आठवी मात्रा. ती चूक म्हणण्यापेक्षा सवय आहे. सगळी हयात आठ मात्रांच्या कहरव्यात गेली, शेवटच्या मात्रेवर पुढच्या समेला उडी घ्यायची. उडी घ्यायला जागा मिळाली नाही की त्यांचा हात ती करून घेतो.

यावर माझा उपाय असा: सातच्या भागात अण्णांनी अख्खा रिफ, म्हणजे परत परत येणारा तो सुरांचा तुकडा, वाजवायचाच नाही. दोनच सूर, पहिल्या मात्रेवर एक आणि पाचव्या मात्रेवर एक. मधे हात तारांवर दाबून गप्प. रिफ कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात जाऊ दे. उडी मारायला सूरच नसला की आठवी मात्रा गळून पडते. करून बघ.

आणि तू स्वतः. सातच्या भागात हायहॅट, म्हणजे ती झांजांची जोडी, एकाआड एक मात्रेवर चालू ठेव, सरळ, गाण्याकडे लक्ष न देता. पहिल्या आवर्तनात ती 1, 3, 5, 7 वर पडेल, दुसऱ्यात 2, 4, 6 वर, आणि तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर आपोआप हजर. म्हणजे दर दोन आवर्तनांनी तुझा हात आणि गाणं पुन्हा एकत्र येतं. ऐकणाऱ्याला ठेका सरळ वाटतो, डोलतासुद्धा येतं, आणि सम चुकली तर फार तर दोन आवर्तनांत तुला कळतं. सातच्या सात मात्रांवर काहीतरी हाणत बसलास तर एकदा घसरल्यावर परत चढायला पायरी सापडत नाही.

प्रत्येक गाण्याला एकच कागद, आणि तोही मोठ्या अक्षरांत, कारण स्टेजवर निळा लाइट मारला की बारीक पेन दिसत नाही. त्यावर सूर लिहू नका, रस्ता लिहा. "सात, आठ वेळा. चार, चार वेळा. पट्टी वर. मग तो बघेल तेव्हा थांब." बास झालं. ऑर्केस्ट्रात आपण मुखडा, पहिलं म्युझिक, अंतरा, दुसरं म्युझिक म्हणतो ना, तशीच या तुकड्यांना तुमची नावं ठेवा. "विमान", "पाऊस", "भांडण", काहीही. स्टेजवर "ब्रिजचा दुसरा भाग" असं कुणी ओरडत नाही. "भांडण!" म्हटलं की तिघांना कळतं.

शनिवारच्या रिहर्सलला गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्यात दुपार घालवू नका. सांधे घ्या. एका तुकड्याचे शेवटचे दोन बार आणि पुढच्याचे पहिले दोन, पाच-पाच वेळा. गाणी सांध्यांवर मोडतात, मधे कुणी मरत नाही. आणि शेवट. प्रत्येक गाणं नेमकं कसं संपतं, कोण हात वर करतो, शेवटचा सूर किती लांबतो. आपल्या लोकांना सात मात्रा चुकल्या तर कळणार नाही, पण चौघं चार वेगवेगळ्या वेळी थांबले तर मागच्या रांगेतला पोरगाही हसतो. खुणा कोण देणार हे पाहुण्याला तोंडावर विचार. गिटारची मान खाली आणतो, पाय उचलतो की नुसतं बघतो? गाताना त्याचं तोंड माइकला चिकटलेलं असणार, तेव्हा खूण तू द्यायची की त्याने, हे ठरलेलं हवं.

खासबागेत कुस्ती लागते तेव्हा हलगीवाला आपल्या हलगीकडे बघत नाही, पैलवानांच्या पायांकडे बघतो. तुझी नजर तशी हवी, त्याच्या उजव्या हातावर आणि खांद्यावर. कागद बाजूला, कागदाकडे फक्त सांध्याच्या आधी एकदा. ड्रम असे लाव की तो तुला तिरका दिसेल, पाठमोरा नाही. साउंडवाल्याला आधीच सांग, नाहीतर तो सवयीने तुला मागे कोपऱ्यात टाकेल.

आणि चुकलंच तर? चुकेल. तेव्हा फिल, म्हणजे मधे भरायचा जादा तुकडा, मारून झाकायला जाऊ नकोस. ड्रमरची ही खोड आहे, चुकला की जास्त वाजवतो. कमी वाजव. हायहॅट तेवढी ठेव, बासवाल्याला मूळ सुरावर थांबू दे, कीबोर्डवाल्याला हात हलका करू दे आणि पाहुण्याची सम येऊ द्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात तुला हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचा गवई एखादा अनवट जोडराग काढतो तेव्हा चांगला पेटीवाला अर्धं पाऊल मागे राहतो, पुढच्या सुराची घाई करत नाही. बैठकीतल्या जाणत्यांना त्यात कमीपणा वाटत नाही, उलट दाद मिळते. एकमेकांकडे बघून तोंडं मात्र वाकडी करायची नाहीत. लोक कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त चुका पकडतात.

आता अण्णा.

ज्या गाण्यांत बासच गाणं ओढून नेतो ती दोन पोराला दे. बाकी चार अण्णांची. ही काही दया दाखवायची वाटणी नाही. संथ गाण्यांत लांब सूर धरून त्यावर वजन ठेवायचं असतं, आणि ते काम ज्याने रात्र रात्र गायकांना तोललंय त्यालाच जमतं. हॉस्टेलचा पोरगा तिथे बोटं चालवेल. रेकॉर्डिंग मुखोद्गत असलेल्या पोरांची अडचण हीच, त्यांना सगळे सूर येतात आणि ते सगळे वाजवतात. समोरचा माणूस आज गाणं थोडं हळू नेतोय हे त्यांना ऐकूच येत नाही. म्हणून त्यालाही सांगून ठेव, की रेकॉर्डिंगच्या नाही, पाहुण्याच्या मागे जायचं.

अण्णांशी बोलताना क्रम चुकवू नकोस. आधी अण्णा, मग पोराला फोन. उलटं केलंस तर ते विचारणं होत नाही, कळवणं होतं. फोनवर नाही, रिहर्सलच्या खोलीत सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. आज संध्याकाळी घरी जा. काकूंनी चहा ठेवायच्या आत बोल, नाहीतर दोन कप होतील आणि विषय निघणार नाही. असं म्हण: "अण्णा, दोन गाण्यांत बास फार पळतोय आणि दिवस थोडे आहेत. तिथं एक पोरगा घ्यावा म्हणतोय. चार गाणी तुमची. सातच्या भागात तुम्ही दोनच सूर धरा, मी त्यावर उभा राहतो." एवढंच. "तुमचं वय झालं" नाही, "पाहुण्याने सांगितलंय" तर अजिबात नाही. ठरवलंयस तू, तर तूच बोल.

चिडतील कदाचित. "मग मला कशाला, त्यालाच घे सगळ्याला," म्हणतील. तेव्हा लगेच माघार घेऊन सगळी गाणी देऊ नकोस, आणि विनवण्याही करत बसू नकोस. "उद्या सांगा, मी जागा ठेवतो," म्हण आणि ऊठ. ज्या माणसाने पोरांना स्टिक धरायला शिकवलंय त्याला रागवायचा हक्क आहे, तो त्याला एक रात्र वापरू दे. खरोखरच नाही आले तर पोराला सहाही गाणी दे, आणि रविवारी शो कसा झाला ते सांगायला अण्णांच्या घरी जा. मात्र त्यांना पहिल्या रांगेत बसवून, शाल आणि नारळ देऊन "आमचे गुरू" म्हणायचा घाट कुणी घातला तर तो हाणून पाड. माणूस अजून वाजवतोय. आपल्याकडे सत्कार करून वाट मोकळी करायची एक रीत आहे, ती मला बिलकुल पटत नाही.

आता पैसे, ज्याबद्दल तुझ्या पत्रात चकार शब्द नाही. आयोजकाने ऐनवेळी तुझ्या गळ्यात घातलंय म्हणजे अडलेला तो आहे, तू नाहीस. किती, कधी आणि रिहर्सलच्या दिवसांचे वेगळे का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. निम्मे आधी घे. अण्णांनी चार वाजवली तरी मानधन पूर्ण, ही अट तू घाल. पोराचे दोन गाण्यांचे द्यायचेच, "तुला अनुभव मिळतोय" हे वाक्य त्याला ऐकवू नका.

गाण्यांचा क्रम पाहुण्यावर सोडू नकोस, निदान कोल्हापूरपुरता. शो उघड्यावर असेल तर दहा वाजता स्पीकर बंद करावा लागतो, आणि 17 मिनिटांचं गाणं पावणेदहाला सुरू केलंत तर शेवटचा सांधा पोलिसांच्या सांगण्यावरून घ्यावा लागेल. ते मधे टाका, लोक ताजे असताना. आणि पोराला फोन करशील तेव्हा आधी हे विचार की हॉस्टेलचं गेट रात्री किती वाजता बंद होतं. त्याची दोन्ही गाणी त्या हिशोबाने आधी घ्या, म्हणजे बास केसमध्ये भरून तो वेळेत परत जाईल.